एल्वाच्या चढणीवर

एल्वा नदी समुद्राला मिळते त्या किनाऱ्यावर आज चपला काढून चालता येतं. पायाखाली मऊ, करड्या रंगाची वाळू लागते. मधूनमधून पाण्याची तळी साचलेली असतात, काठाला गवत आणि विलोची झुडपं वाढलेली दिसतात आणि सोललेले, उन्हाने पांढरे पडलेले ओंडके आडवेतिडवे पसरलेले असतात. यातलं जवळजवळ काहीही २०११ साली इथे नव्हतं. तेव्हा हा किनारा म्हणजे गोट्यांची उतरण होती आणि दरवर्षी समुद्र तीही थोडी थोडी खात होता. आज जिथे माणसं कुत्री घेऊन फिरतात, तिथे त्या काळी लाटा फुटत होत्या.

ही जागा अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक द्वीपकल्पावर आहे. समोर हुआन दे फुका सामुद्रधुनी आणि तिच्यापलीकडे कॅनडाचं व्हँकुव्हर बेट. सिएटलहून फेरीबोटीने बेनब्रिज बेटावर उतरायचं, हूड कालव्यावरचा तरंगता पूल ओलांडायचा आणि १०१ क्रमांकाच्या महामार्गाने पश्चिमेला पोर्ट अँजेलिस गाठायचं, हा नेहमीचा रस्ता. सिएटलच्या पलीकडे बेलव्ह्यू-रेडमंड भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही तो चांगला ओळखीचा आहे. मात्र बहुतेकांची गाडी पोर्ट अँजेलिसहून हरिकेन रिजच्या बर्फाकडे वळते. आणखी दहा-पंधरा किलोमीटर पश्चिमेला गेलं की एल्वा लागते. जगभरातले नद्यांचे अभ्यासक जिच्याकडे डोळे लावून बसले होते ती हीच नदी. तिची लांबी अवघी ७२ किलोमीटर, आणि खोऱ्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे कुऱ्हाड न लागलेल्या जंगलात.

ही नदी पाहायची तर समुद्राकडून वर जावं, कारण तिथले मासे तसेच येतात.

सामन मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीत परततो. पॅसिफिक सामनच्या चिनूक, कोहो, चम, पिंक आणि सॉकाय या पाचही जाती एल्वात होत्या. त्यांच्या जोडीला समुद्रातून चढणारे स्टीलहेड, बुल ट्राउट आणि सर्पाकृती, जबड्याविना तोंड असलेला लॅम्प्रे. इथला चिनूक तर त्याच्या आकारासाठी प्रसिद्ध होता. ४५ किलोपर्यंतचे मासे मिळत, असं जुने लोक सांगत आले. धरणांपूर्वी वर्षाला सुमारे चार लाख मासे ही नदी चढत असावेत, असा अंदाज केला जातो. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते चार हजारांवर आले होते.

मुखाच्या पूर्वेला लोअर एल्वा क्लालम या आदिवासी समाजाची वसाहत आहे. १८५५ च्या पॉइंट नो पॉइंट तहात क्लालम लोकांनी जमीन सोडली, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. तो हक्क कागदावर राहिला. पुढे कित्येक वर्षं आपल्याच नदीत जाळं टाकलं म्हणून त्यांची धरपकड होत असे. १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की तह करणाऱ्या जमातींना धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा मिळाला पाहिजे. पण एल्वात वाटून घ्यायला मासे उरले होते कुठे? निम्मा वाटा मागणाऱ्याला आधी नदी मागावी लागणार होती, आणि क्लालम लोकांनी ती मागितली. १९८६ साली धरणांच्या परवान्याच्या प्रकरणात त्यांनी पक्षकार होण्यासाठी अर्ज केला. त्यांची मागणी थेट होती: धरणं काढा. त्या वेळी ती अनेकांना अशक्य कोटीतली वाटली.

मुखापासून आठ किलोमीटर वर पहिलं धरण होतं, ते एल्वा धरण. ११२ क्रमांकाच्या रस्त्यावरून एक फाटा आत जातो आणि थोडं चाललं की एका उंचवट्यावरून ती घळ दिसते. तिथून पाहणाऱ्याला ३३ मीटर उंचीची भिंत इथे होती हे सांगूनही पटत नाही. खाली खडकांमधून पाणी फेसाळत जातं आणि दोन्ही काठांवर आल्डरची गर्द झाडी उभी आहे.

थॉमस ऑल्डवेल नावाच्या उद्योजकाने १९१० साली हे धरण बांधायला घेतलं. कागदाच्या गिरण्यांना आणि नव्या शहरांना वीज हवी होती. घाई इतकी की भिंतीचा पाया खालच्या मूळ खडकापर्यंत नेलाच नाही. ऑक्टोबर १९१२ मध्ये पाण्याने पायाखालून वाट काढली, जलाशय रिकामा झाला आणि लोंढा खालच्या क्लालम वस्तीवर गेला. मग दगड, माती आणि फरच्या फांद्यांचे थर टाकून ते भगदाड बुजवलं आणि १९१३ साली धरण सुरू झालं. वॉशिंग्टन राज्यात १८९० पासून कायदा होता की जिथे मासे चढतात तिथे धरण बांधणाऱ्याने त्यांच्यासाठी वाट ठेवलीच पाहिजे. ती ठेवली गेली नाही. अधिकाऱ्यांनी तडजोड शोधली: वाटेऐवजी धरणाच्या पायथ्याशी मत्स्यबीज केंद्र चालवायचं. ते १९२२ साली बंद पडलं. धरण मात्र आणखी नव्वद वर्षं उभं राहिलं, आणि त्या सगळ्या काळात मासे भिंतीच्या पायथ्यापर्यंत येऊन थांबत राहिले. त्यांच्यासाठी नदी आठ किलोमीटरची झाली होती. वरचं ११० किलोमीटरहून अधिक लांबीचं नदी-ओढ्यांचं जाळं त्यांना बंद झालं.

१९२७ साली आणखी वर, ग्लाइन्स कॅन्यन या अरुंद घळीत, ६४ मीटर उंचीचं दुसरं धरण आलं.

माशांसाठी पायऱ्यांची वाट बांधून भागलं नसतं का, असा प्रश्न इथे येणारा प्रत्येक जण विचारतो. तो रास्त आहे, आणि त्याचा विचार झालाही होता. उत्तर नदीच्या तळाशी सापडतं. मादी सामन शेपटीने खडी उडवून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी लोटते. त्या खडीच्या फटींतून थंड, प्राणवायू असलेलं पाणी वाहत राहिलं तरच अंडी जगतात. लिंबाएवढ्या ते मुठीएवढ्या गोट्यांची अशी खडी डोंगरातून वाहून येते, आणि एल्वात ती शंभर वर्षं दोन जलाशयांत अडून बसली होती. धरणाखालच्या आठ किलोमीटरांत बारीक खडी वाहून गेली आणि मागे राहिले ते माशाच्या शेपटीने हलणार नाहीत असे मोठे दगड. उन्हाळ्यात जलाशयात तापलेलं पाणी खाली येई आणि रोगराई वाढे. झाडांचे ओंडके वरच अडकत, त्यामुळे त्यांच्याआड पिल्लांना आसरा देणारे डोह बनेनात. मुखाशी वाळू पोहोचेना, म्हणून किनारा झिजला. पोर्ट अँजेलिस बंदराला वाऱ्या-लाटांपासून आडोसा देणारी एडिझ हुक ही वाळूची जीभ टिकवण्यासाठी तर वर्षानुवर्षं दगड आणून ओतावे लागले. माशाला वर जायला वाट हवी होती हे उघडच होतं. पण खडी, वाळू आणि लाकूड यांनाही खाली यायला वाट हवी होती, आणि ती पायऱ्या बांधून मिळणारी नव्हती.

कोकणातल्या माणसाला हे समजायला फारसा वेळ लागणार नाही. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात ओढ्या-वहाळांतून शेतात घुसणारे चढणीचे मासे त्याने लहानपणापासून पाहिलेले असतात. रायगडकडे त्यांनाच वलगणीचे मासे म्हणतात. त्यांचा प्रवास सामनसारखा समुद्रातून सुरू होत नाही. ते नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून पाणी भरलेल्या खाचरात जातात, पण हेतू तोच, अंडी घालण्याचा. देशातली सर्वाधिक मोठी धरणं ज्या राज्यात आहेत, त्या महाराष्ट्रात या वाटांचा विचार फार थोडा झाला. तरी आपल्याकडच्या कोल्हापुरी बंधाऱ्यात एक शहाणपण दडलेलं आहे. पावसाळ्याआधी त्याचे बरगे काढतात आणि पाऊस ओसरला की पुन्हा घालतात. ही सोय पूर आणि गाळ वाहून जावा म्हणून केलेली असली, तरी नेमक्या चढणीच्या दिवसांत बंधारा मोकळा असतो. बरगे वेळेवर निघाले तर माशालाही त्याचा फायदा मिळू शकतो. या दृष्टीने आपले बंधारे कोणीतरी नीट अभ्यासले पाहिजेत.

एल्वावरची धरणं काढण्याचा कायदा अमेरिकन काँग्रेसने १९९२ साली केला. सरकारने २००० साली दोन्ही धरणं २ कोटी ९५ लाख डॉलरना विकत घेतली. प्रत्यक्ष काम सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झालं. दरम्यानची वर्षं निधी उभारण्यात आणि पाण्याच्या सोयीत गेली, कारण पोर्ट अँजेलिस शहर, कागद गिरणी आणि नंतरच्या काळातलं मत्स्यबीज केंद्र याच नदीवर अवलंबून होते आणि गढूळ पाणी शुद्ध करण्याचे कारखाने आधी बांधावे लागले. सगळा खर्च सुमारे ३२ कोटी ५० लाख डॉलरच्या घरात गेला.

धरण पाडणं सोपं होतं. गाळ सोडणं अवघड होतं. दोन्ही जलाशयांत मिळून सुमारे २ कोटी १० लाख घनमीटर गाळ साठला होता. तो एकदम सुटला असता तर खालच्या माशांच्या कल्ल्यांत चिखल भरून ते गुदमरले असते. म्हणून भिंती थोड्या थोड्या उतरवल्या. ग्लाइन्स कॅन्यनला तर जलाशयात तराफा तरंगत ठेवून त्यावरच्या यंत्राने काँक्रीट वरून खाली फोडत नेलं. मासे नदीत येण्याच्या आणि पिल्लं समुद्राकडे निघण्याच्या काळात काम थांबवलं जाई, आणि काही प्रौढ कोहो पकडून इंडियन क्रीक आणि लिटल रिव्हर या स्वच्छ उपनद्यांत नेऊन सोडले. एल्वा धरण मार्च २०१२ पर्यंत निघालं. ग्लाइन्स कॅन्यनचा शेवटचा सुरुंग ऑगस्ट २०१४ मध्ये उडाला. पहिल्या पाच वर्षांत सुमारे दोन कोटी टन गाळ खाली गेला. काही काळ नदी कॉफीच्या रंगाची वाहत होती आणि मुखाजवळच्या समुद्रातली केल्प शेवाळं प्रकाशाअभावी विरळ झाली. पाणी निवळल्यावर ती पुन्हा वाढली. त्याच गाळाचा आज किनारा झाला आहे.

पहिला जलाशय उतरला तेव्हा आणखी एक गोष्ट वर आली. क्लालम लोकांच्या परंपरेनुसार त्यांची उत्पत्ती ज्या खडकावर झाली तो एल्वाच्या काठी होता आणि जवळजवळ शंभर वर्षं पाण्याखाली होता. वाडवडिलांच्या तोंडून ऐकलेली ती जागा २०१२ साली या समाजाने प्रत्यक्ष पाहिली. जवळच आठ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा सापडल्या.

तिथून पुढे महामार्ग नदी ओलांडतो. इथला पूल २०२४ मध्ये नव्याने बांधलेला आहे. जुना, १९२६ चा पूल खडकावर नसून खडीवर उभा असल्याचं तपासणीत लक्षात आलं, आणि मोकळी झालेली नदी ती खडी उकरत होती. पुलाजवळून उजव्या काठाने उद्यानाचा रस्ता मॅडिसन फॉल्सपर्यंत जातो आणि तिथे गाडी थांबवावीच लागते. पुढचा डांबरी रस्ता पुरांनी तोडला आहे. एल्वा आणि अल्टेअर ही दोन्ही तंबूतळंही पाण्याने नेली. रोखलेली नदी सोडली की ती जुन्या पात्रात मुकाट राहत नाही. ती डावी-उजवीकडे सरकते, काठ खाते, नवे फाटे काढते. माशाच्या पिल्लांना हेच शांत फाटे हवे असतात. माणसाला मात्र रस्ता गमवावा लागतो, आणि ही किंमत लहान समजू नये. इथल्या कित्येक कुटुंबांच्या सुट्ट्यांच्या आठवणी त्या तंबूतळांशी जोडलेल्या होत्या.

मॅडिसन फॉल्सपासून पायी किंवा सायकलने जायचं. रस्ता तुटला आहे तिथे जंगलातून वळसा घालणारी पायवाट आहे. मोठमोठ्या डग्लस फरच्या सावलीतून चढत गेलं की ग्लाइन्स कॅन्यनच्या धरणाचा सांडवा येतो. भिंत गेली, पण कडेचा सांडव्याचा भाग मुद्दाम ठेवला आहे आणि त्यावर उभं राहता येतं. एका बाजूला थेट खाली अरुंद काळी घळ, पाणी इतकं खोल की आवाज उशिरा पोहोचल्यासारखा वाटतो. दुसऱ्या बाजूला लेक मिल्स या पूर्वीच्या जलाशयाचा तळ. आता तिथे दरी आहे आणि दरीत वेण्या घातल्यासारखी वाहणारी नदी.

धरण निघालं तेव्हा हा तळ म्हणजे ओसाड गाळाचं मैदान होतं. उद्यानाच्या आणि क्लालम समाजाच्या कर्मचाऱ्यांनी, स्वयंसेवकांनी मिळून दोन्ही तळांवर स्थानिक जातींची तीन लाखांहून अधिक रोपं लावली आणि बी पेरलं. खडीच्या कोरड्या पायऱ्यांवर काहीच तग धरेना, तेव्हा जांभळ्या फुलांचं ल्युपिन कामी आलं. ते डाळवर्गीय झाड आहे, मुळांत नत्र साठवतं. शिवाय वाऱ्यापासून आडोसा मिळावा आणि ओल टिकावी म्हणून हेलिकॉप्टरने मोठे ओंडके आणून टाकले.

मासे मात्र लावावे लागले नाहीत. खालची भिंत निघाली त्याच वर्षी, २०१२ च्या हिवाळ्याआधी, चिनूक तिच्या जागेच्या वर जाऊन अंडी घालताना दिसले. वरची भिंत गेल्यावर काही आठवड्यांत चिनूक आणि बुल ट्राउट घळीच्या वर सापडले. पण फारच थोडे. कारण शोधण्यासाठी पाण्यात उतरलेल्या लोकांना सापडलं की घळीत कोसळलेल्या मोठ्या शिळांनी अरुंद वाट अडवली आहे. २०१५ आणि २०१६ मध्ये त्या शिळा फोडल्या, तेव्हा कुठे वरची नदी खरी खुली झाली. एवढी मोठी भिंत पाडून काही दगडांपाशी काम अडावं, हे नदीवर काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. नुसती योजना पूर्ण झाली म्हणून मासा पोहोचत नाही, तो कुठे थांबला हे पाण्यात डोकं घालून पाहावं लागतं.

यातली सर्वांत विलक्षण कथा स्टीलहेडची आहे. स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात. काही मासे समुद्रात जाऊन स्टीलहेड होतात, काही आयुष्यभर नदीत राहतात. धरणांनी वर अडकलेले रेनबो ट्राउट पिढ्यानपिढ्या समुद्र न पाहता जगले. वाट उघडताच त्यांच्या वंशातली पिल्लं समुद्राकडे निघाली. उन्हाळ्यात चढणारे स्टीलहेड एल्वातून जवळपास नाहीसे झाले होते. आज ते पुन्हा येतात, आणि जनुकीय अभ्यासातून दिसलं की वर अडकलेल्या त्या माशांचा यात मोठा वाटा आहे. शंभर वर्षांत समुद्राची ओढ त्यांच्या रक्तातून गेली नव्हती. लॅम्प्रेही कोणी आणून न सोडता परतला. चिनूकची वाटचाल मात्र संथ आहे. परतणाऱ्यांत बहुतांश मासे अजून केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचे असतात, आणि केंद्रातल्या माशांनी जंगली मासे दुबळे होतात का, यावर इथे कोर्टापर्यंत भांडण झालं आहे. गाळाच्या वर्षांत वंश टिकवायला केंद्र लागलं, हे मान्य करूनही ते किती काळ चालवायचं हा प्रश्न उरतोच.

माशाबरोबर समुद्रही डोंगरात चढतो. अंडी घालून मेलेल्या सामनच्या शरीरातला नत्र-कर्ब कीटकांत, पक्ष्यांत, झाडांत जातो. ओढ्याच्या तळाशी चालत अन्न शोधणाऱ्या डिपर या छोट्या पक्ष्याच्या रक्ताची इथे तपासणी झाली. ज्या भागात सामन पोहोचत होता तिथल्या माद्या अधिक धडधाकट होत्या आणि एका हंगामात दुसऱ्यांदा अंडी घालण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं.

२०११ पासून एल्वात सर्वांनाच मासेमारी बंद होती. क्लालम समाजानेही ती पाळली, तहाचा हक्क असूनही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कोहो पुरेसे आल्यावर त्यांनी धार्मिक विधी आणि घरच्या जेवणापुरती मर्यादित मासेमारी केली. धरणं गेल्यानंतरची ही पहिलीच. पुढच्याच वर्षी दक्षिणेला, कॅलिफोर्निया-ओरेगॉन सीमेवरच्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं काढून झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनूक ओरेगॉनमधल्या तिच्या उपनदीत पोहोचले. तिथे ते १९१२ नंतर दिसले नव्हते.

एल्वातली चढण पाहायची असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर हा चिनूकचा काळ. कोहो त्यानंतर हिवाळ्यापर्यंत येत राहतात. उथळ पाण्यात भोवतालच्या शेवाळलेल्या दगडांपेक्षा उजळ, नुकताच धुतल्यासारखा दिसणारा खडीचा लांबट पट्टा दिसला की तिथे अंडी घातलेली आहेत असं समजावं. काठावरूनच पाहावं आणि कुत्र्याला दोरीने धरून ठेवावं. एका पट्ट्यात हजारो अंडी असतात आणि तिथे पाय पडला तर ती खडीत चिरडली जातात.